टेकण्यापुरती जागा

सायकल चालवणे सोपे आहे. अवघड आहे ते सायकलीवरून उतरणे. हे वाक्य वाचून माझ्या वयाविषयी आणि गुडघ्यांविषयी कोणी काही अनुमाने बांधील, तर ती सगळीच चुकतील असे नाही. पण मला म्हणायचे आहे ते निराळे. गेली चार वर्षे मी पुण्यात रोजची बारीकसारीक कामे पुन्हा सायकलीवरून करू लागलो आहे. भेटेल तो विचारतो, "एवढ्या रहदारीत भीती नाही वाटत?" वाटते. बसगाडी कोपराला घासल्यासारखी शेजारून जाते तेव्हा वाटते, आणि कानाशी मोबाइल धरलेला एखादा तरुण उलट्या दिशेने समोर उभा ठाकतो तेव्हाही वाटते. पण ती भीती क्षणाची. खरी धाकधूक सुरू होते ती मुक्काम आल्यावर. दुकान समोर दिसत असते, पिशवी हँडलला लटकत असते, यादी खिशात असते. आणि मी मात्र एक पाय जमिनीला टेकवून, बोलावणे नसताना लग्नघरी आलेल्या पाहुण्यासारखा दाराशी घुटमळत असतो. ही सायकल आता लावू कुठे?

परवाचीच गोष्ट सांगतो. कामे चार होती: किराणा, औषधे, बँक आणि दळण. किराणा दुकानाच्या पायरीशी सायकल उभी करतो न करतो तोच आतून आवाज आला, "काका, जरा पलीकडे घ्या, मालाची गाडी यायची आहे." पलीकडे म्हणजे औषधांच्या दुकानापुढे. तिथला तरुण मालक सौजन्याची मूर्ती. त्याने स्वतः बाहेर येऊन माझे हँडल धरले आणि म्हणाला, "काचेवर ओरखडा पडेल हो, आजोबा. तुम्ही असं करा, त्या खांबाला लावा." त्या खांबाला महापालिकेची एक पेटी होती, तीतून दोन तारा बाहेर डोकावत होत्या, आणि एक कुत्रे त्या खांबावर आपला वंशपरंपरागत हक्क बजावत होते. बँकेपुढे पांढऱ्या पट्ट्या मारलेली चांगली ऐसपैस जागा होती. पण तिथे साखळी होती आणि साखळीपाशी पहारेकरी होता. "ही स्टाफची जागा आहे." "मग गिऱ्हाइकांची?" त्याने हात लांब करून रस्त्याकडे दाखवले. त्या हाताच्या आवाक्यात सारे पुणे शहर येत होते.

राहता राहिली गिरणी. तिथे मात्र कोणी काही बोलले नाही. गिरणीच्या ओट्याशी तीन सायकली आधीच एकमेकींच्या गळ्यात गळे घालून उभ्या होत्या, माझी चौथी. पिठाचा डबा आणि सायकलीचे कॅरियर यांचे नाते जुने आहे, आणि गिरणीवाला ते अजून विसरलेला नाही.

सर्वांत गमतीचा अनुभव आला तो एका नव्या, टोलेजंग दुकानात. एकाच छपराखाली भाजीपासून पायमोज्यांपर्यंत सगळे विकणारे ते दुकान; खाली तळघरात वाहनतळ. उतारावरून मी सायकल हाताने धरून खाली नेली. तोंडाशी एक यंत्र आणि यंत्रापाशी गणवेशातला एक मुलगा. त्याने यंत्राकडे पाहिले, मग सायकलीकडे, मग पुन्हा यंत्राकडे.

"काका, सायकलची एंट्रीच नाही यात."

"मग दुचाकीची पावती दे. मी दुचाकीचे पैसे देतो."

"सायकल दुचाकीत येत नाही, काका."

मी त्याच्याशी वाद घातला नाही. तो बिचारा हुकुमाचा ताबेदार. पण वर येताना मला हसू आवरेना. 'दुचाकी' हा शब्द मुळी सायकलीसाठी मराठीत रूढ झाला. आमच्या आजोबांच्या तोंडी 'पायगाडी' असे, आणि जरा शुद्ध बोलणाऱ्या मास्तरांच्या तोंडी 'दुचाकी'. पुढे स्कूटर आल्या, मोटारसायकली आल्या, आणि एखाद्या वाड्यात पोटभाडेकरू म्हणून शिरलेल्याने हळूहळू मूळ मालकालाच बाहेर काढावे, तसे त्यांनी सायकलीला त्या शब्दातून बाहेर काढले. जागा गेली ती नंतर. आधी नाव गेले. कदाचित क्रम असाच असतो. ज्याला नाव नाही त्याला रकाना नाही, आणि ज्याला रकाना नाही त्याला जागा नाही.

आणि हे पुण्यात! ज्या गावाची ओळखच एके काळी 'सायकलींचे शहर' अशी होती, त्या गावात! माझे वडील सायकलीवरून कचेरीत जात. सायकलीवर कर असे, तो भरल्याचा बिल्ला असे, आणि रात्री दिवा नसला किंवा कोणी डबलसीट बसले तर पोलिसाची शिट्टी वाजे. म्हणजे सायकल ही सरकारदरबारी दखल घेण्याजोगी वस्तू होती. आज मला कोणी दिव्यावरून अडवीत नाही. सुरुवातीला मला ही मोकळीक वाटली. आता वाटते, की ज्याला कोणी दंडही करीत नाही, त्याची कोणी गणतीही करीत नाही.

त्या काळी कचेऱ्या, कॉलेजे, चित्रपटगृहे, जिथे म्हणून माणसे जमत तिथे सायकल-स्टँड असे. पत्र्याचे छप्पर, लोखंडी कठडे, आणि दाराशी स्टुलावर बसलेला एक माणूस. त्याच्याजवळ आकडे कोरलेल्या पत्र्याच्या बिल्ल्यांच्या जोड्या असत. एक तो हँडलला अडकवी, दुसरा आपल्या हातात देई. तो बिल्ला मुठीत घट्ट धरून मी लहानपणी अख्खा चित्रपट पाहिलेला आहे. कारण वडिलांनी बजावलेले असे, की बिल्ला हरवला तर सायकल मिळायची नाही. चित्रपट सुटला की एकदम दीड-दोनशे माणसे स्टँडवर लोटत. एखाद्याचा धक्का लागून एक सायकल कलंडे, आणि मग ओळीतल्या पन्नास-साठ सायकली पत्त्यांच्या बंगल्यासारख्या एकीवर एक पडत जात. त्या खणखणाटाने सगळे आधी दचकत आणि मग हसत. स्टँडवाला तेवढा हसत नसे. तो शांतपणे उठून शेवटच्या सायकलीपासून एकेक उचलू लागे.

दुकानांपुढे असा स्टँड नसे, हे खरे. पण तिथे ओटा असे. पेठांतल्या जुन्या दुकानांचे ओटे कंबरेइतके उंच, त्यांना सायकल टेकवली की झाले. मालक गादीवरून नजर ठेवी. मंडईच्या भोवतालीही सायकली टेकलेल्या असत आणि मेथीच्या जुड्या कॅरियरला बांधून माणसे घरोघर जात. ओटे गेले, त्यांच्या जागी काच आली. काचेला टेकता येत नाही. एवढा एक फरक ध्यानात घेतला, तर शहर कसे बदलले याचा निम्मा इतिहास हाती येतो.

पण थांबावे. सत्तरी ओलांडलेला माणूस जुन्या दिवसांविषयी बोलू लागला, की ऐकणाऱ्याने त्यातून दहा आणे तरी वजा करावेत. ते सगळे लोक सायकलीवर काही प्रेमापोटी बसत नव्हते. दुसरे परवडत नव्हते म्हणून बसत होते. वडिलांच्या धोतराचा सोगा साखळीत अडकून काळा होई आणि आईची बोलणी खावी लागत. पावसात भिजून ती माणसे कचेरीत दिवसभर ओल्या कपड्यांनी बसत. म्हणून १९७२ साली शेजारच्या आकुर्डीत 'चेतक' तयार होऊ लागली, तेव्हा आमच्या पिढीने तिच्यासाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहिली. मीही पाहिली. गाडी मिळाली त्या दिवशी तिला हार घातला, पेढे वाटले, आणि वडिलांची सायकल जिन्याखाली सरकवली. त्या स्टँडांवरच्या सायकली कोणी चोरून नेल्या नाहीत. आम्हीच त्या एकेक करून काढून घेतल्या. मग रिकाम्या कठड्यांत स्कूटर शिरल्या, स्कूटरींमागून मोटारी आल्या, आणि २०१८ साली अशी वेळ आली, की शहरातल्या नोंदलेल्या वाहनांची संख्या माणसांच्या संख्येच्या पुढे गेली. पस्तीस लाख माणसे आणि छत्तीस लाखांवर गाड्या! त्यातली एक स्कूटर माझी होती, हे विसरून मला बोलता येणार नाही.

किराणा दुकानदाराशी माझा जुना परिचय. एकदा दुपारी गिऱ्हाईक नव्हते, तेव्हा मी त्याच्यापुढे हिशेब मांडला. एक मोटार उभी करायला म्हणून जी जागा धरतात, ती अडीच मीटर रुंद आणि पाच मीटर लांब. सायकल असते जेमतेम सहा फूट लांब, आणि हँडल धरून दोन फूट रुंद. म्हणजे एका मोटारीच्या जागेत सहज दहा सायकली बसतात. "शेठ, तुमच्या दारात दिवसभर तुमचीच मोटार उभी असते. ती हलवलीत तर दहा गिऱ्हाइके उभी राहतील."

"काका, सायकलवरचं गिऱ्हाईक नेणार काय? दोन किलो रवा!"

"पण ते रोज येईल. मोटारीतलं गिऱ्हाईक महिन्यातून एकदा मोठ्या दुकानात जातं. तुमच्या दारात ते थांबतं फक्त काडेपेटी राहिली म्हणून."

शेठ हसले. मग जरा गंभीर होऊन त्यांनी जे सांगितले, ते मला विसरता येत नाही. "काका, मला सायकलचं वावडं नाही. पण मी उद्या इथं कठडा बसवला, तर फुटपाथ अडवला म्हणून नोटीस येईल. आतल्या बाजूला बसवला, तर वरचे बिऱ्हाडकरू म्हणतील, जागा सगळ्यांची आहे. आणि समजा बसवलाच, तर पहिल्या दिवशी संध्याकाळी तिथं तीन स्कूटर येऊन उभ्या राहतील. त्यांना मी उठवू? स्कूटरवाला ऐकतो का? सायकलवाला ऐकतो, म्हणून आम्ही त्याला सांगतो."

सायकलवाला ऐकतो, म्हणून आम्ही त्याला सांगतो. किती सरळ वाक्य! सायकलीचा सगळा अपराध तिच्या हलकेपणात आहे. मोटार कोणी उचलून बाजूला ठेवीत नाही. तिच्या मालकाला शोधावे लागते, हाका माराव्या लागतात. स्कूटर उचलायला गाडी आणि चार माणसे लागतात. सायकल मात्र कोणीही, एका हाताने, मालकाला न विचारता उचलावी आणि गटाराच्या कडेला नेऊन टेकवावी. ती भांडत नाही, तिचा भोंगा वाजत नाही. जो हलवला जाऊ शकतो तोच हलवला जातो, हा नियम सायकलींपुरताच आहे असे मला वाटत नाही.

या विषयावर कोणी काही केलेच नाही असे म्हणणे मात्र अन्यायाचे होईल. पुण्याच्या जुन्या बांधकाम-नियमांत, इमारतीत किती मोटारी आणि किती स्कूटर यांची सोय हवी, याच्या शेजारी सायकलींचाही रकाना होता. नकाशावर त्या जागा काढल्या जात, मंजूर होत. प्रत्यक्षात तिथे पुढे काय उभे राहिले ते ज्याने त्याने आपल्या इमारतीत पाहावे. २००६ साली कात्रज-स्वारगेट-हडपसर मार्गावर जलद बसगाड्यांची योजना सुरू झाली, तिच्या कडेने सायकलींसाठी वाटा आखल्या गेल्या. २०१७ च्या अखेरीस महापालिकेने सबंध शहराचा सायकल आराखडा मंजूर केला. त्यात वाटांबरोबर सायकली लावण्याच्या जागांचाही विचार होता. त्याच सुमारास भाड्याच्या रंगीबेरंगी सायकली शहरात अवतरल्या. मोबाइलवर कुलूप उघडायचे, हिंडायचे, आणि वाटेल तिथे सोडून द्यायची. दोन-एक वर्षांत त्या दिसेनाशा झाल्या. वाटेल तिथे सोडण्याची मुभा म्हणजे जागा असणे नव्हे, हे त्या बापड्या कोनाकोपऱ्यांत ढीग होऊन पडल्या तेव्हा कळले.

माझा एक भाचा नेदरलंड्समध्ये असतो. त्याने मला उट्रेख्ट शहरातल्या रेल्वे स्थानकाखालच्या सायकलतळाचे छायाचित्र पाठवले. तीन मजले, साडेबारा हजार सायकली. २०१९ साली तो पुरा झाला. मी ते छायाचित्र किराणा दुकानातल्या शेठना दाखवले. ते बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, "आपल्याला चार पुरतील." मला त्यांचे म्हणणे पटले. साडेबारा हजारांचे स्वप्न पाहत बसण्यापेक्षा चारांची सोय करणे बरे. आणि ती करायला फारसे काही लागतही नाही. घोड्याच्या नालासारखी वाकवलेली एक लोखंडी नळी जमिनीत पक्की रोवली, की तिच्या दोन बाजूंना दोन सायकली टेकतात. शेफील्ड या इंग्लंडातल्या शहराच्या नावाने ती नळी जगभर ओळखली जाते. तिच्यात सायकलीचा सांगाडाच नळीशी कुलूपबंद करता येतो. आपल्याकडे कुठे स्टँड असलाच तर पुढचे चाक फटीत अडकवण्याचा असतो. त्यात जरा धक्का लागला की रिंग वाकते, आणि चाकातल्या चाकात फिरणारे आपले गोल कुलूप तर सायकल जागची हलू नये एवढीच काळजी घेते. उचलून नेणाऱ्याला ते मुळीच अडवीत नाही.

हे शेवटचे वाक्य मी सहज लिहून गेलो. पण ते मला ज्या दिवशी कळले, तो दिवस सांगितल्यावाचून हा लेख पुरा करणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

आमच्याकडे पोळ्या करायला एक बाई येत. आमच्या इमारतीतली तीन घरे आणि पलीकडच्या दोन इमारतींतली चार, अशी सात घरे त्या सकाळी साडेसहा ते बारापर्यंत उरकीत. आधी चालत येत. मग त्यांची मुलगी नोकरीला लागली, स्कूटरवर जाऊ लागली, आणि तिची सायकल आईकडे आली. आईची वस्तू मुलीकडे जाते असा आपला रिवाज. इथे उलटे झाले. चाळिशी उलटलेल्या त्या बाई शाळेच्या मैदानावर पहाटे सायकल शिकल्या. दोनदा पडल्या. माझ्या पत्नीला कोपर दाखवीत म्हणाल्या, "काकू, आता मला पंख फुटले." सायकल आल्यावर त्यांनी आठवे घर धरले.

मी तेव्हा आमच्या सोसायटीचा सचिव होतो. एका सभासदांच्या नव्या मोटारीवर ओरखडा उठला. तो सायकलीच्या हँडलाने उठला असावा, असा त्यांचा तर्क होता. पाहिले कोणीच नव्हते. समितीची बैठक झाली, चहा झाला, आणि फलक लिहिण्याचे काम माझ्याकडे आले. माझे अक्षर चांगले आहे. मी लिहिले: 'बाहेरून येणाऱ्यांनी आपल्या सायकली कृपया आवारात लावू नयेत.' खाली तारीख, 'हुकुमावरून', आणि माझी सही. 'कृपया' हा शब्द आपण होऊन घातला याचे मला त्या वेळी समाधानही वाटले होते.

बाई काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवसापासून त्यांची सायकल फाटकाबाहेर, विजेच्या खांबाशी उभी राहू लागली. २०१९ च्या पावसाळ्यात एका सकाळी त्या आमच्याकडच्या पोळ्या करून खाली गेल्या, तेव्हा खांब तेवढा होता. मागच्या चाकाचे गोल कुलूप लावलेले होते, किल्ली त्यांच्या पदराला बांधलेली होती. कोणीतरी सायकल सबंध उचलून नेली होती.

त्या पुन्हा चालत येऊ लागल्या. आठवे घर सुटले, मग सातवे. वेळ जमेना म्हणून पुढे आमचेही. निघताना पत्नीने चुकचुकून काही म्हटले, तेव्हा त्या म्हणाल्या, "असू दे, काकू. तुमची काय चूक? पाटीच लागली होती ना."

मी आतल्या खोलीत वर्तमानपत्र वाचीत होतो. मी बाहेर आलो नाही. पाटीच लागली होती. जणू पाटी ही पावसासारखी आपोआप येणारी गोष्ट. त्यांना वाचता येत होते. पाटीखाली सही कोणाची आहे, हे त्यांनी वाचले होते की नाही, ते मला आजवर कळलेले नाही. वाचले नसेल तर ते त्यांचे भाबडेपण. आणि वाचले असेल, तर त्यांनी मला ज्या मोठेपणाने सोडून दिले त्याची परतफेड मला करता आलेली नाही. पैसे देता आले असते. सुचले तेव्हा उशीर झाला होता. त्यांनी बिऱ्हाड हलवले होते.

पुढे दोन वर्षांनी माझी स्कूटर थकली आणि मीही. वैद्यांनी चालायला, नाहीतर सायकल चालवायला सांगितले. मी सायकल घेतली. पहिल्याच आठवड्यात एका कचेरीच्या दाराशी मी फलक वाचला: 'कृपया येथे सायकली लावू नयेत.' आपले जुने हस्ताक्षर अवचित समोर यावे तसे मला झाले. वाक्य माझे होते. 'कृपया'सकट माझे होते. त्या दिवसापासून कोणी पहारेकरी मला "बाहेर लावा" म्हणाला, तर मी त्याच्यावर रागावू शकत नाही. तो जे सांगतो ते कोणीतरी चांगल्या अक्षरात लिहून, चहा घेऊन, घरी गेलेला असतो.

गेल्या वर्षी सोसायटीच्या वार्षिक सभेत मी ठराव मांडला. आवाराच्या कोपऱ्यात एक मोटार वर्षानुवर्षे आच्छादन घालून उभी होती; तिचे मालक परदेशी. ती दोन हात सरकवली, तर तिच्या मागे नालाच्या आकाराच्या तीन नळ्या बसतील, सहा सायकली राहतील, असा माझा ठराव. चर्चा पाऊण तास चालली. एक म्हणाले, चोर आत येतील. दुसरे म्हणाले, एकदा सोय केली की माणसे वाढतील. तिसऱ्यांनी विचारले, "पण आपल्यापैकी सायकल चालवतं कोण?" मी म्हटले, "आपल्याकडे कामाला येणारे चालवतात. पेपर टाकणारा चालवतो. आणि मी." मग जराशी शांतता झाली. त्या शांततेत मी त्या पाटीची आणि त्या सायकलीची हकिकत सांगितली. कोणी काही बोलले नाही. शेवटी तीनांऐवजी दोन नळ्यांवर तडजोड झाली. जवळच्या एका फॅब्रिकेशनवाल्याने त्या दोन दिवसांत वाकवून, रंगवून, सिमेंटात रोवून दिल्या. जुनी पाटी मी माझ्या हाताने काढली. तिच्याखालचा भिंतीचा चौकोन अजून इतर भिंतीपेक्षा पांढरा दिसतो.

शेठ म्हणाले होते तसेच झाले: पहिल्या संध्याकाळी तिथे एक स्कूटर उभी होती. मी तिच्या मालकाला शोधून काढले, चार जिने चढून गेलो आणि ती हलवायला लावली. दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा गेलो. तिसऱ्या संध्याकाळी मला जावे लागले नाही. स्कूटरवाला ऐकतो, त्याला सांगणारा पाहिजे. शेठना मी ही हकिकत ऐकवली. त्यांनी दुकानाच्या बाजूच्या भिंतीत एक मजबूत कडी ठोकून घेतली आहे. एकच. "काका, बोर्ड लावू नका हं," एवढेच ते म्हणाले.

यात फार काही झाले असे मी समजत नाही. दोन नळ्या आणि एक कडी म्हणजे पाच सायकली. ज्यांच्यासाठी ती जागा हवी होती त्या बाई मात्र या रस्त्याने येत नाहीत. कुठल्या इमारतीत त्या आता पोळ्या करतात, आणि तिथे फाटकावर काय लिहिलेले आहे, कोण जाणे.

आज सकाळी दूध घेऊन परतलो तो नळ्यांपाशी चार सायकली उभ्या. एक पेपरवाल्याची, एक गाड्या धुणाऱ्या मुलाची, दोन मी कधी न पाहिलेल्या. त्यांतल्या एकीच्या हँडलला भाजीची पिशवी होती आणि तिच्यातून कोथिंबीर डोकावत होती. मला जागाच उरली नव्हती. मी आपला फाटकाबाहेर गेलो आणि त्याच विजेच्या खांबाला माझी सायकल टेकवून आलो. जागा नसल्याचा आनंद मला आयुष्यात पहिल्यांदाच झाला. मात्र वर जाण्याआधी कुलूप लावले, आणि ते नीट लागले आहे ना, हे दोनदा ओढून पाहिले.